पन्नास पट म्हणजे कोणापेक्षा?

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की मुंबई-आग्रा रस्त्यावर सोनगीर लागतं. टेकडीवर किल्ल्याचे अवशेष, खाली गाव, आणि गावाची ओळख तांब्या-पितळेच्या भांड्यांची. माझ्या मावशीचे यजमान इथले तांबट. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा मावसभावाने एक रंगीत कागद पुढे केला.

‘दादा, हे घेऊ का?’

तो इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कपाशीच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखायचा, असा त्याचा प्रोजेक्ट. एका क्लासने हा कागद वाटला होता. क्लासची फी आणि जीपीयूवाला लॅपटॉप एकत्र, हप्त्यांवर. मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : एआय ट्रेनिंग ५० पट वेगात! सगळं मिळून रक्कम लाखाच्या वर जात होती. घरात तेवढे पैसे होते, पण ते लग्नसराईच्या आधी तांब्याचा पत्रा भरायचे पैसे होते.

काकांनी हातोडी बाजूला ठेवली, चष्मा लावून कागद पाहिला आणि मला विचारलं, ‘पन्नास पट म्हंजे कोनापेक्षा, भो?’

मी पुण्यात दहा वर्षं प्रोग्रॅमिंग करून पोट भरतोय. जीपीयूवरही थोडंफार काम केलंय. पण तो कागद वाचताना हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी ‘पन्नास’ वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो.

हा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे. वेगाचा दावा हेसुद्धा एक वाक्य असतं. आपण कथा-कवितेतलं वाक्य जसं थांबून वाचतो, तसं ते वाचता येतं. आणि वाचलं, की बहुतेक वेळा लक्षात येतं की वाक्याचा अर्धा भाग कोणीतरी खाऊन टाकलाय. ‘पट’ हा शब्द दोन गोष्टींच्या मधे राहतो. जुन्या वेळेला नव्या वेळेने भागलं की पट मिळते. दाव्यात मात्र भागाकाराचं उत्तर तेवढं छापतात. ज्यांचा भागाकार केला ते दोन आकडे गायब असतात.

मोठ्या घरचा आकडा

क्लासच्या कागदावर चिडणं सोपं आहे. म्हणून आधी एक भारदस्त आकडा वाचू, तोही आपल्या पुण्यातला.

पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘परम सिद्धी-एआय’ नावाचा महासंगणक आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या ५०० सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीत तो ६३व्या क्रमांकावर आला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. त्याच्याबद्दल दोन आकडे सांगितले जातात. एक, २१० एआय पेटाफ्लॉप्स. दुसरा, ४.६ पेटाफ्लॉप्स. पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी इतकी आकडेमोड. मशीन एकच, आणि दोन आकड्यांमध्ये पंचेचाळीस पटींचं अंतर. मग खरा कोणता?

दोन्ही खरे. कसे, ते कागद-पेन्सिल घेऊन पाहता येतं. या मशीनमध्ये एनव्हिडियाचे ४२ डीजीएक्स ए१०० संच आहेत. प्रत्येकात ८ जीपीयू, म्हणजे एकूण ३३६. एका ए१०० चा कंपनीने दिलेला कमाल वेग ६२४ टेराफ्लॉप्स आहे. ३३६ गुणिले ६२४ केलं की जवळजवळ बरोबर २१० पेटाफ्लॉप्स येतात. आता ते ६२४ कुठून आले ते पाहा. ते १६ बिटांच्या आकड्यांचे आहेत, म्हणजे कमी दशांश स्थळं जपणाऱ्या छोट्या आकड्यांचे. शिवाय त्यात एक सवलत धरलेली आहे : दर चार आकड्यांपैकी दोन शून्य असतील, तर त्यांचा गुणाकार करायचा नाही, पण मोजताना केल्यासारखा धरायचा. ही सवलत काढली की ६२४ चे ३१२ होतात. आणि हवामानाचा अंदाज किंवा पुलाची मजबुती काढायला लागतात तसे ६४ बिटांचे नेमके आकडे घेतले, तर त्याच जीपीयूचा कमाल वेग १९.५ वर येतो. ३३६ ने गुणा, साडेसहा पेटाफ्लॉप्स. हे सगळं कागदावरचं. प्रत्यक्ष चाचणीचं गणित मशीनवर चालवून जे भरलं, ते ४.६.

इथे कोणी खोटं बोललेलं नाही. जून २०२३ मध्ये याच सी-डॅकमधला ‘ऐरावत’ ७५व्या क्रमांकावर आला, तेव्हा सरकारी निवेदनात परम सिद्धीसह एकूण ४१० पेटाफ्लॉप्स ‘मिश्र अचूकतेचे’ आणि प्रत्यक्ष टिकणारे ८.५ पेटाफ्लॉप्स, असे दोन्ही आकडे दिले होते. पाटी लावलेली होती. पण आकडा बातमीत, भाषणात, व्हॉट्सअॅपवर फिरायला लागला की पाटी गळते आणि मोठा आकडा उरतो. मग कोणीतरी परम सिद्धीच्या २१० ची तुलना दुसऱ्या देशातल्या मशीनच्या ६४ बिटांच्या आकड्याशी करून मोकळा होतो.

या चुकीला चांगला इतिहास आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार केला. त्याच वर्षी अमेरिकेत नासामध्ये काम करणारे गणितज्ञ डेव्हिड बेली यांनी एक तिरकस लेख लिहिला. समांतर संगणकांचे निकाल सांगताना लोकांना फसवायच्या बारा युक्त्या, असा त्याचा विषय. पहिलीच युक्ती अशी : फक्त ३२ बिटांचे निकाल सांगा आणि त्यांची तुलना दुसऱ्यांच्या ६४ बिटांच्या निकालांशी करा. पुढच्या एका युक्तीत ते सुचवतात की प्रोग्रॅमच्या आतल्या एका छोट्या तुकड्याचा वेग मोजा आणि तोच अख्ख्या प्रोग्रॅमचा वेग म्हणून दाखवा. आणखी एक : आपल्या मशीनची तुलना कालबाह्य मशीनवरच्या जुन्या प्रोग्रॅमशी करा. तेव्हा आजच्या अर्थाने जीपीयू नावाची वस्तू बाजारात नव्हती. पण तीस वर्षांनंतर माझ्या मावसभावाच्या हातातला कागद या लेखातल्या सूचना पाळून छापल्यासारखा होता.

शंभर पटींचं भांडण

जीपीयूवर सर्वसाधारण गणितं करण्याची लाट २००७ च्या सुमारास आली, आणि त्याबरोबर शंभर पट, दोनशे पट अशा दाव्यांचे शोधनिबंध आले. २०१० मध्ये इंटेलच्या संशोधकांनी एका परिषदेत त्यांना उत्तर दिलं. त्यांनी चौदा वेगवेगळी कामं निवडली, ती सीपीयूवर आणि जीपीयूवर दोन्हीकडे मन लावून घासून-पुसून लिहिली आणि मग मोजली. त्यांच्या एका सीपीयूपुढे एनव्हिडियाचा जीटीएक्स २८० सरासरी अडीच पट वेगवान निघाला. शंभराचे अडीच!

फरक कुठे गेला? बहुतेक सगळा सीपीयूच्या बाजूला गेला. आधीच्या अनेक तुलनांमध्ये जीपीयूसाठी महिनोन् महिने खपून लिहिलेला प्रोग्रॅम एका बाजूला होता, आणि दुसऱ्या बाजूला सीपीयूच्या एकाच कोअरवर चालणारा, कोणी हातही न लावलेला प्रोग्रॅम. आठ माणसं असलेल्या दुकानात सात जणांना घरी पाठवून, उरलेल्या एकाचा एक हात बांधून, मग शर्यत लावण्यासारखं हे आहे.

पण इथे थांबलो तर आपणही एका बाजूचे होऊ. हा निबंध इंटेलचा होता, आणि इंटेल सीपीयू विकतं. तुलनेत घेतलेला जीपीयू तोवर मागच्या पिढीतला झाला होता, हे एनव्हिडियाने लगेच दाखवलं. शिवाय त्यांनी टोमणा मारला, की आमचा जीपीयू काही कामांत चौदा पटींपर्यंत वेगवान आहे हे खुद्द स्पर्धकच सांगतोय, याहून काय हवं! एनव्हिडियाचा एक मुद्दा मला आजही वजनदार वाटतो. सामान्य प्रोग्रॅमर सीपीयूवरचा प्रोग्रॅम इंटेलच्या तज्ज्ञांइतका कधीच घासत नाही. तो जसा मिळाला तसा वापरतो. मग त्याच्यासाठी खरी तुलना कोणती? त्याच्या हातातल्या मठ्ठ प्रोग्रॅमशी, की जगात कुठेही नसलेल्या आदर्श प्रोग्रॅमशी?

माझं उत्तर असं : तुलना तुमच्या हातातल्या प्रोग्रॅमशीच करा, पण श्रेय वाटून द्या. जीपीयूवर जाताना तुम्ही प्रोग्रॅम नव्याने लिहिता. माहितीची मांडणी सुधारता, फालतू लूप काढता. तेवढंच सीपीयूवर केलं असतं तर किती मिळालं असतं? पायथॉनमधला साधा लूप नमपायमध्ये लिहिला तरी वेळ कित्येक पटींनी कमी होतो, आणि त्याला नवं कार्ड लागत नाही. ती सुधारणा फुकटची आहे. ती जीपीयूच्या खात्यात जमा करून कार्ड विकणं, ही या दाव्यांमधली सर्वांत रुळलेली लबाडी आहे.

ठोकायचा वेळ आणि भट्टीचा वेळ

काकांना मी हे सगळं जमेल तसं सांगितलं. ते म्हणाले की यंत्रावर हंडा दाबून काढणारेही असंच सांगतात, हातापेक्षा अमुक पट लवकर. मग ते जे बोलले त्यात संगणकशास्त्राचा एक अख्खा नियम होता : ‘टाइम ठोकाले नही, भट्टीले लागस.’

तांबं ठोकत गेलं की कडक होतं. मग ते पुन्हा तापवून मऊ करावं लागतं, मग पुन्हा ठोकायचं. पत्रा कापणं, तापवणं, सांधा, उजळणं ही कामं वेगळीच. समजा, एका भांड्याला १०० मिनिटं लागतात आणि त्यात निव्वळ ठोकण्याची ४० आहेत. ठोकणं पन्नास पट वेगात झालं तर ४० चं पाऊण मिनिट होईल. बाकीची ६० तशीच. एकूण ६१ मिनिटांच्या आत-बाहेर. म्हणजे भांडं दीडपटीहून थोडं जास्त वेगात तयार झालं. ठोकणं क्षणात झालं तरी १०० चे ६० च होणार. हाच अॅमडालचा नियम. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये तो मुद्दा मांडला आणि तेव्हापासून तो कोणालाही चुकलेला नाही.

मावसभावाच्या प्रोजेक्टला हे लावू. फोटो डिस्कवरून वाचणं, जेपेग उघडणं, छोटा करणं ही कामं त्याच्या प्रोग्रॅममध्ये सीपीयू करतो. जीपीयू करतो ते ट्रेनिंगचं गुणाकाराचं काम. फोटो मोबाइलने काढलेले, प्रत्येकी कित्येक एमबींचे. जीपीयू पुढच्या फोटोची वाट बघत रिकामा बसणार. भट्टी तीच, फक्त हातोडी नवी.

आणखी एक भिंत आहे, ती क्वचितच जाहिरातीत येते. गणितापेक्षा आकडे आणून देण्यातच जास्त वेळ जातो. सर्वसाधारण लॅपटॉपची डीडीआर४ मेमरी दोन चॅनलवर सेकंदाला जास्तीत जास्त ५१ जीबी देते. डेस्कटॉपवरच्या १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० ची स्वतःची मेमरी ३६० जीबी देते. म्हणजे ज्या कामात प्रत्येक आकडा एकदाच वापरायचा आहे, उदाहरणार्थ दोन लांबलचक याद्यांची बेरीज, तिथे फायद्याची कमाल मर्यादा सात पट. कार्डात आकडेमोड करणारे कोअर हजारो असले तरी सातच. आणि आकडे आधी मुख्य मेमरीत असतील, तर कार्डापर्यंतचा रस्ता सेकंदाला सुमारे ३२ जीबींचा. म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या मेमरीपेक्षाही चिंचोळा. एकदाच बेरीज करायची असेल, तर ती जीपीयूवर नेण्यात तोटा आहे.

उलट, मोठ्या तक्त्यांचा गुणाकार घ्या. तिथे एकदा आणलेला आकडा शेकडो वेळा वापरला जातो, रस्त्याचा खर्च वसूल होतो. न्यूरल नेटवर्कचं ट्रेनिंग बहुतांशी हेच असतं. २०१२ मध्ये ‘अॅलेक्सनेट’ हे गाजलेलं नेटवर्क बारा लाख फोटोंवर शिकवलं गेलं, ते गेमिंगच्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर, पाच-सहा दिवसांत. आजच्या एआयच्या लाटेची सुरुवात बरेच जण तिथून धरतात. तेव्हा जीपीयू म्हणजे नुसता गवगवा, असं म्हणणारा माणूसही वाचन अर्धवट सोडतोय. जीपीयू खरोखर वेगवान आहे. कोणत्या कामात, हे ते काम सांगतं. जाहिरातीला ते ठाऊक नसतं.

माझा चाळीस पटींचा दावा

इतकं शहाणपण मी कागदावर वापरलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. कारण एकेकाळी असा कागद मीच तयार केला होता.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी फोटो साफ करणारा एक प्रोग्रॅम जीपीयूवर नेला. मोजला, ४० पट आले. मी सरांना सांगितलं, सरांनी स्लाइडवर टाकलं, स्लाइड ग्राहकाकडे गेली. महिन्याभराने टीममधल्या एका सीनिअर बाईंनी माझा कोड उघडला आणि विचारलं, ‘घड्याळ कुठे थांबवलंस?’

सीपीयू जीपीयूला काम सांगतो आणि ते पूर्ण व्हायची वाट न बघता पुढे जातो. ते काम संपेपर्यंत थांब, असं वेगळं सांगावं लागतं. त्याला सिंक्रोनाइझ करणं म्हणतात. मी ते केलं नव्हतं. गिरणीत गव्हाचा डबा रांगेत ठेवला आणि लगेच घड्याळ बंद करून म्हणालो, दळण झालं! शिवाय सीपीयूची वेळ मी एकाच कोअरवर मोजली होती आणि कार्डापर्यंत फोटो पाठवायचा वेळ धरलाच नव्हता. तिन्ही दुरुस्त करून पुन्हा मोजलं. सहा पट.

सहा पट वाईट नाही. चार तासांचं काम चाळीस मिनिटांत होतं. पण तोवर ग्राहकाने चाळिसाच्या हिशेबाने मशीनं मागवली होती, आणि ती कमी पडली. मी खोटं बोललो नव्हतो. मला मोठा आकडा आवडला होता, म्हणून मी तो तपासला नाही. सहा आला असता तर मी दहा वेळा तपासला असता. बहुतेक खोटे आकडे असेच जन्मतात, असं मला आता वाटतं. कोणी ते रचत नाही. हवा तो आकडा दिसला की सगळे मोजायचं थांबवतात.

म्हणून दाव्यावर आता मी पहिला संशय खोटेपणाचा घेत नाही. मी हरवलेले शब्द शोधतो. जुना वेळ किती सेकंद होता आणि कोणत्या मशीनवर? तिथे सगळे कोअर चालत होते का? घड्याळ कुठे सुरू झालं, कुठे थांबलं? आकडे किती बिटांचे? विशेषतः शेवटचा प्रश्न. आरटीएक्स ३० मालिकेतल्या गेमिंग कार्डांवर ६४ बिटांचा वेग ३२ बिटांच्या चौसष्टाव्या हिश्श्याइतकाच असतो. ए१०० मध्ये तो निम्मा असतो. एकाच कंपनीची कार्डं, पण एकाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही. याची उत्तरं दाव्यासोबत असतील, तर आकडा लहान असला तरी मी तो मानतो.

सोनगीरला त्या दिवशी निर्णय झाला नाही. मावसभावाने क्लासला फोन करून विचारलं, पन्नास पट कोणापेक्षा? तिकडून उत्तर आलं, नॉर्मल लॅपटॉपपेक्षा. नॉर्मल म्हणजे कोणता? सर मीटिंगमध्ये आहेत.

मग आम्ही कार्ड विकत घेण्याआधी तासाच्या भाड्याने घ्यायचं ठरवलं. इंटरनेटवरचा जीपीयू काही तासांसाठी घेतला, आणि तोच प्रोग्रॅम, तेच फोटो दोन्हीकडे चालवले. पहिल्या रात्री त्याच्या तोंडाचा रंग उडाला, कारण फरक दिसेनाच. वेळ कुठे जातो ते पाहिलं, तर निम्म्याहून जास्त वेळ फोटो उघडण्यात आणि लहान करण्यात चालला होता, दर फेरीला तेच फोटो नव्याने. त्याने सगळे फोटो एकदाच लहान करून ठेवले. मग मात्र जीपीयू धावला, आणि त्याचा जुना लॅपटॉपही आधीपेक्षा बराच लवकर उरकायला लागला. प्रोजेक्टपुरतं भाड्याचं कार्ड पुरेल, असं त्याचं मत झालं. पुढच्या वर्षी मोठं काम हाती घेतलं तर कार्ड लागेल, हेही तो म्हणाला. ते मला पटलं.

वहीत त्याने एक तक्ता केला होता. डावीकडे आपल्या लॅपटॉपचा वेळ, मधे जीपीयूचा वेळ, दोन्ही मिनिटांत, आणि उजवीकडे किती पट. काकांनी वही हातात घेतली, बोट डावीकडच्या रकान्यावर ठेवलं आणि तिथून वाचायला सुरुवात केली. लग्नसराईचा पत्रा त्यांनी पुढच्या आठवड्यात भरला.